आतोबांनी पास केलेली बस

जगात पास करण्याजोगं काही असतं, यावर आमच्या आतोबांचा मुळी विश्वासच नव्हता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आणि कुंभकोणम् भागातल्या भाड्याच्या अवघ्या मोटरी, बस आणि लॉऱ्या तपासणारे सरकारी तपासनीस. गोऱ्या साहेबाचं राज्य होतं. वर्षातून एकदा प्रत्येक भाड्याच्या गाडीनं तपासणीला उभं राहायचं आणि ती रस्त्यावर चालायला लायक असल्याचा कागद घ्यायचा, असा नियम होता. त्या कागदाला आमच्या गावात सगळे 'एफ्सी' म्हणत. आतोबांच्या हातून एफ्सी पहिल्या खेपेला मिळालेला माणूस मी पाहिला नव्हता. मी तरी कुठून पाहणार? माझी स्वतःची बस होती, कुंभकोणम् ते तिरुक्करुगावूर, आणि ती सलग अकरा वर्षं नापास झाली होती. लोक म्हणायचे, "तुला काय बाबा, घरचाच तपासनीस!" ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पारखणं त्यांच्या रक्तातच होतं. त्यांचे पणजोबा तंजावरच्या राजांच्या पागेवर घोडे पारखायला होते. राज्य खालसा झालं, घोडे लिलावात गेले, पण पारखायची खोड तेवढी घराण्यात शिल्लक राहिली. घोडे नाहीत तर नाहीत, छत्री, पाट, सोयरिकीला आलेला मुलगा, काहीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. माझ्या वडिलांना दमा जडला तेव्हा वैद्याच्या आधी हेच येऊन त्यांच्या छातीला कान लावून बसले. "इंजिन बरें आहे," म्हणाले, "जिना चढतां गियर बदलीत जा." आमच्या घरातलं मराठी असंच जुनं, राजांबरोबर आलेलं. पुण्याकडचा एक पाहुणा ते ऐकून जेवता जेवता हसून ठसकला होता. वडील मात्र त्यानंतर नऊ वर्षं जगले आणि दर चौथ्या पायरीवर निमूट थांबत राहिले.

स्वतःच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. इकडच्या चालीप्रमाणे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्यामुलाला फुलांनी सजवलेल्या उघड्या मोटरीतून मिरवतात. मोटर आली, जावई चढून बसला, नादस्वरम् सुरू झालं, आणि आतोबा रेशमी धोतर खोचून सरळ गाडीखाली शिरले. बाहेर आले ते मान हलवीतच. "मागला ब्रेक लागत नाही. जांवयास उतरवा." व्याही लाल झाले, विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आत्यानं हात जोडले. छे! जावई बिचारा जरीचा फेटा सांभाळत देवळापासून मांडवापर्यंत पायी चालला आणि सजवलेली मोटर जागच्या जागी उभी राहिली. आत्या त्यानंतर कितीतरी महिने त्यांच्याशी धड बोलत नव्हती. तिचं न बोलणं त्यांच्या लक्षात आलं की नाही, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

सरकारनं त्यांना हातोड्या, पट्ट्या आणि कसलंसं एक काटा हलणारं यंत्र दिलं होतं. ते पेटीत निवांत झोपलेलं असे. आतोबांचं खरं हत्यार एकच, कॉफीचा पितळी टंबलर. गाडीचं इंजिन सुरू करायला लावायचं, नाहीतर कुणाला चाक हलवायला सांगायचं, टंबलर तिच्या अंगाला उपडा टेकवायचा, बुडाला कान लावायचा आणि डोळे मिटून घ्यायचे. मग गाडी त्यांना जे सांगायची ते कोणत्याही मिस्त्रीला सांगत नसे. हा टंबलर तेलाचा वास घेऊन आत्याच्या सोवळ्यात पहिल्यांदा शिरला, तेव्हा तिनं तो चिमट्यात धरून अंगणात भिरकावला होता. "त्या मोटरीशींच संसार करा," म्हणाली. पुढे त्याला ओसरीवर वेगळा कोनाडा मिळाला.

आता आमच्या गावाची एक तऱ्हा सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. तपासणीच्या आधी गाडी दुरुस्त करून नेण्याचा वेडेपणा आमच्यात कुणी करत नसे. मिस्त्रीकडे जावं तर तो दहा दुखणी काढणार. त्यांतली खरी किती, देव जाणे. त्यापेक्षा गाडी आहे तशी आतोबांपुढे उभी करायची. ते नापास करणार, कागदावर नेमकं दुखणं लिहून देणार. तो कागद मिस्त्रीच्या हातात ठेवायचा, दुरुस्ती करून घ्यायची आणि आठवड्यानं पुन्हा जायचं. कागदावर ओळी जास्त आल्या तर शिव्या आतोबांना. वर्षभर चाकात काही वाजलं, कुठे काही ढिलं झालं, तर मालक एकच म्हणायचा: "राहू दे, आतोबा बघतील." अवघ्या गावाचे ते आतोबा झाले होते.

कोणती मोटर घ्यावी, हे विचारायला लोक गोविंदपुरमहून, पट्टीश्वरमहून त्यांच्याकडे यायचे. एकदा एक सावकारपुत्र आला आणि मोठ्या हुशारीनं म्हणाला, "तुमच्या कागदावर कोणत्या गाडीला सगळ्यांत कमी ओळी पडतात तेवढं सांगा. तीच घेतो." आतोबांचा पारा चढला. "ती लहान विलायती गाडी एक ओळ घेऊन सुटते, कां ठाऊक आहे? ती वकिलांनी महिन्याच्या भाड्यानें बांधून घेतली आहे. शुक्रवारीं देवळापावेतों जाते, येते, पुसून झांकून ठेवितात. अमेरिकन गाडीस अर्धा कागद पुरत नाही, कारण ती बारा माणसें कोंबून चिखलांतून दिवसास चार खेपा करिते. वकिलाची गाडी त्या चिखलांत घाल, आठ दिवसांत रडेल! नापास कोण होतें हें काय विचारितोस? नापास होऊन पुन्हां उभें कोण राहतें तें विचार." मग त्याला हाताला धरून त्यांनी एका मिरासदाराच्या वाडीत नेलं. तिथे एक खासगी मोटर होती. खासगी, म्हणून कुणी कधी तपासली नाही. पाच वर्षांत बंद पडली आणि आता तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. येताना वाटेत पेंढ्याची ती जुनी लॉरी भेटली, जी दरवर्षी नापास व्हायची आणि अजून चालत होती. आतोबांनी थांबून तिला रस्ता दिला.

आणि मग एका वर्षी पोंगलनंतर ती पेंढ्याची लॉरी पास झाली. पहिल्या खेपेला! गावात साखर वाटायची तेवढी बाकी राहिली. पाठोपाठ दुसरी पास, तिसरी पास. "म्हातारा निवळला," लोक म्हणाले. तंजावरच्या साहेबाचं पत्र आलं की तुमच्या भागात नापास गाड्यांचं प्रमाण फार घटलं, गाड्या सुधारल्या, शाब्बास. आतोबांनी ते मला तीनदा वाचून दाखवलं. "खरेंच आहे," म्हणाले. "हल्लीं गाड्या फार गुपचूप झाल्या आहेत बघ. खडखड नाही, कुरकुर नाही." तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण बस चालवून चालवून माझं डोकं तेव्हा टायरइतकंच झिजलेलं होतं.

माझा ड्रायव्हर माणिकम् (मालकाला तो मुदलाळी म्हणे) महिनाभर सांगत होता, "मुदलाळी, पुढच्या डाव्या चाकात टक्-टक् वाजतंय." मी नेहमीचंच उत्तर दिलं. तपासणीचा दिवस आला. माणिकम् चाक हलवत होता, आतोबांनी टंबलर लावला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "पास." अकरा वर्षांनी! मी कागद खिशात घालून घरी निघालो, आणि अर्ध्या वाटेत थबकलो. ते टक्-टक् मला चार हातांवरून ऐकू आलं होतं.

मी तडक आत्याकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "मजला ठाऊक आहे. मागून हाक मारली तर ऐकूं येत नाही त्यांस. खांद्यास हात लावावा लागतो." मग सूप खाली ठेवून तिनं माझा हात धरला. "सात महिने उरले रे नोकरीचे. मानानें घरीं येऊं दे त्यांस. तुझी बस तूं नीट करून घे, आणि उगा राहा." खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. सुटल्यासारखं वाटलं. गावच्या गाड्यांची काळजी वाहायला मी कोण? दिवसाला चार खेपा मारून माणूस आधीच मेलेला असतो. पास झालीच आहे, शुक्रवारची खेप होऊ दे, शनिवारी मिस्त्रीकडे नेऊ, असं ठरवून मी गेलो आणि झोपलो.

तिरुक्करुगावूरची देवी गर्भाची राखण करते. त्यामुळे माझ्या बसमध्ये शुक्रवारी निम्म्या बायका दिवस गेलेल्या असत. त्या सकाळी आठवा महिना लागलेली एक पोर पायरीवर पाय ठेवता ठेवता अडली आणि तिनं माणिकमला विचारलं, "अण्णा, गाडी बरी आहे ना?" माणिकमनं छाती फुगवली. "आतोबांनी पहिल्या खेपेला पास केलीय, अम्मा!" तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. पोटावर हात ठेवून ती आत जाऊन बसली, अगदी पुढच्या बाकावर. डाव्या बाजूला.

मला माझी शरम वाटली. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही. सगळ्या बायकांना मी उतरवलं, बैलगाड्या ठरवून दिल्या, त्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि रिकामी बस गोगलगाईच्या चालीनं आतोबांच्या दारात नेली. ते ओसरीवर पान लावत बसले होते. मी त्यांच्या समोर उभा राहून ओरडलो, "आतोबा, गाडी नापास करा."

"काल पास केली की."

चाक जॅकवर उचललं. त्यांचा हात धरून चाकाच्या कडेवर ठेवला आणि चाक हलवलं. हाताला धक्का बसला तसे ते माझ्याकडे बघायला लागले. मग आत जाऊन टंबलर घेऊन आले, बसच्या अंगाला टेकवला आणि डोळे मिटले.

"हालीव."

मी हलवलं. टक्-टक्.

"हालीव की."

"हालवतोय, आतोबा."

त्यांनी दुसरा कान लावला. "जोरानें हालीव." मी जीव खाऊन हलवत होतो, दारात आत्या तोंडात पदर कोंबून उभी होती, आणि आतोबा डोळे मिटून वाट बघत होते. शेवटी त्यांनीच माझ्या मनगटाला धरून मला थांबवलं. बसच्या पायरीवर टेकले. बराच वेळ टंबलर हातात फिरवत राहिले.

"पोंगलापासून किती पास केल्या मी?" एवढंच विचारलं. मी त्यांची तपासणीची वही आणली, नावं वाचली, एकेक नाव त्यांच्या तोंडासमोर ओरडून. त्या सगळ्या गाड्या परत तपासाव्यात, असं त्यांनी साहेबाला लिहिलं. मग एक कोरा नापासाचा कागद ओढला आणि वळणदार अक्षरात भरला. वाहनाचा प्रकार: तपासनीस. दोष: दोन्ही कान. दुरुस्ती: होण्याजोगी नाही. आत्या रडायला लागली. हे त्यांना दिसलं, तसे खेकसले, "रडतेस कशास? नापास झालों, मेलों नाही!" आणि तोंड फिरवून पान लावायला बसले.

दोनच दिवसांनी गावात दवंडी पिटली गेली. पास झालेल्या गाड्या परत बोलावल्या तेव्हा निम्म्याहून अधिकांत काही ना काही निघालंच. पेंढ्याच्या लॉरीचा तर आस तडकला होता. देवीची कृपा, कुणाला खरचटलंही नाही. पण तपासणीचा खोळंबा झाला म्हणून लोकांनी आतोबांना पोटभर नावं ठेवली. साहेबानं त्यांना त्याच महिन्यात घरी पाठवलं. निरोपाचा हार नाही, दोन शब्द नाहीत. आत्याला हवा होता तो मान मी घालवला. तिनं मला कधी तसं बोलून दाखवलं नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. नवा तपासनीस मद्रासेहून आला. तो चांगला माणूस होता, काटा बघून पास करायचा. त्यामुळे तपासणीआधी गाडी दुरुस्त करण्याची सवय आम्हाला उतारवयात लावून घ्यावी लागली.

पुढची सहा वर्षं, अगदी शेवटच्या दुखण्यापर्यंत, आतोबा दर शुक्रवारी माझ्या बसमधून तिरुक्करुगावूरला यायचे. पुढच्या बाकावर बसायचे, मी शेजारी. गाव मागे पडलं की ते सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "काय वाजतें रे?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगायचो: गियर जरा गुरगुरतोय, मागची फळी खडखडतेय, उजव्या खिडकीची काच वाजतेय. ते डोळे मिटून घ्यायचे. "आणीक?" गाडीतलं संपलं की मी बाहेरचं सांगायला लागायचो: पाटाचं पाणी बांधावरून पडतंय, मागच्या बाकावर बायका देवीचं गाणं म्हणतायत, त्यांतली एक बेसूर आहे. "आणीक?" म्हणायचे. दिवसभराच्या खेपांनी अंग आंबलेलं असायचं, घसा बसायचा, पण तिरुक्करुगावूर येईपर्यंत मी सांगत राहायचो.