पुंगळ्यांची आंघोळ

पितळेची खरी कदर असलेली माणसं शोधायला निघालात तर बोरी बुद्रुकच्या पुढं जायची गरज नाही. तिथं माझ्या बायकोचे मामा राहतात, शोध तिथंच संपतो. मामांकडे वडिलांपासून चालत आलेली दुनळी बंदूक होती, पिकाच्या राखणीच्या परवान्याची, आणि तिची पितळी काडतुसं. बार उडाला की मागं रिकामी पुंगळी उरते. ती पुन्हा भरायची रीतसर परवानगी त्यांच्या कागदावर होती. छर्रा मात्र त्यांनी कधी घातला नाही, नुसता आवाजाचा बार. मक्यात शिरलेली रानडुकरं पळाली की काम झालं. त्या बंदुकीनं आजवर कुणाचा जीव घेतला असेल तर तो मामींचा, आणि तोही रोज थोडा थोडा.

कारण भरण्याआधी पुंगळ्यांना आंघोळ लागे. चिंच घरच्या झाडाची. लिंबू नको, ते तापट. राख नको, ओरखडे पडतात. कोमट पाण्यात चिंचेचा कोळ कालवायचा, पुंगळ्या सोडायच्या आणि शेजारी बसून एक कप चहा प्यायचा. चहा संपला की पुंगळ्या बाहेर. त्याहून जास्त ठेवल्या तर पितळेवर तांबूस झाक येते आणि ती पुंगळी मामांच्या लेखी मेली. एकदा मी माझ्या शाळेतलं राजकारण सांगत बसलो, मामांचा चहा निवून गेला आणि सगळा घाणा तांबडा पडला. मामा रागावले नाहीत. "पावणं, तुमच्या शाळेचं ऐकून पितळसुदिक आजारी पडलं," एवढंच म्हणाले. पुढं आंघोळ चालू असताना मला अंगणात बोलायची बंदी झाली. आंघोळीनंतर पुंगळ्या सकाळच्या कोवळ्या उन्हात, मामींच्या कुरडयांच्या शेजारी, त्याच जुन्या पातळावर वाळत. "माझ्या कुरडया सरकवून ह्यांची लेकरं उन्हात," असं मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

आता मुळात धुवायच्याच कशाला, असं म्हणणारेही आहेत. शेजारच्या आळे गावातले मामांचे एक जुने मित्र, तेही बंदूकवाले, पुंगळी धोतराला पुसून पुन्हा भरतात. धुतली की पितळेचा कस जातो, असं त्यांचं मत. एका लग्नात दोघांची यावरून जी जुंपली, ती मंगलाष्टकं संपली तरी मिटेना. दोघांच्याही अक्षता मुठीतच राहिल्या. मामांचं शेवटचं वाक्य मांडवभर ऐकू गेलं होतं. "राव, चकाकी बघायची तर सोनाराकडं जा. आमी धुतो ते तडा दिसावा म्हणून. काळ्या पितळात तडा दडून बसतो, आन् बार काढताना तोंडावर येतो."

या कडक नेमात एकदाच खंड पडला. एका खंडेनवमीला मामींनी बंदुकीची पूजा मांडली, शेजारी पुंगळ्या उभ्या केल्या आणि प्रेमानं प्रत्येकीवर चिमूटभर कुंकू वाहिलं. पुंगळीचं तोंड वर, त्यामुळं कुंकू आत गेलं. मामा पेचात पडले. पूजेचं कुंकू चिंचेच्या पाण्यात कसं सोडायचं? जन्मात पहिल्यांदा त्यांनी पुंगळी न धुता भरली. दिवेलागणीला बांधावरून बार काढला तर नळीतून तांबडा ढग निघाला. वारा नेमका समोरचा. डुकरं पळाली, पण मामा घरी आले ते कपाळापासून छातीपर्यंत माखून. मामींनी ओवाळायचं ताट आणलं.

यंदाच्या थंडीत गेलो तेव्हा मामा ऐंशीला टेकले होते. अंगणात धुतलेल्या पुंगळ्या एकेक करून उन्हाकडे धरत होते, फिरवून बघत होते आणि पास झालेली उजव्या हाताला ठेवत होते. त्यातली एक कौतुकानं मला दिली. "बघा, कशी हाय." मी बघितली. काठापासून खाली केसाएवढी बारीक रेघ गेली होती. गप्प बसलो तर उद्या ती त्यांच्या तोंडावर फुटणार, आणि बोललो तर त्यांच्या हातचं हे काम आजच सुटणार. शेवटी म्हणालो, "मामा, हिला तडा आहे."

"कुठं?" त्यांनी ती उन्हात धरली, आडवी केली, उभी केली. दिसेना. मी त्यांचा अंगठा धरून रेघेवर नेला, तेव्हा नख अडकलं. मग त्यांनी उजवीकडची प्रत्येक पुंगळी नखानं तपासली. आणखी दोन ठिकाणी नख अडकलं. तिन्ही पुंगळ्या त्यांनी डाव्या हाताला ठेवल्या. मग म्हणाले, "उद्या गाडी घिऊन या. बंदूक आन् पुंगळ्या पोलीस ठाण्यात जमा करू."

दारातून मामी म्हणाल्या, "नखाला कळतंय की. नखानं बघत जावा." जन्मभर त्या पुंगळ्यांना शिव्या घातलेली बाई हे बोलली.

"नख बी थरथरतंय आता," मामा म्हणाले.

ठाण्यात हवालदारानं पुंगळ्या खोक्यात ओतल्या. मामांनी वाकून त्या बाहेर काढल्या आणि कापडात गुंडाळून पुन्हा एकेक ठेवल्या. "मोकळ्या हायेत, पण आपटू नका." हवालदार भला होता, थांबून राहिला.

परवा शाळेत जाताना बोरीला डोकावलो. मामा अंगणात नुसते बसले होते. माझ्या मनात सलत होतं, म्हणून विचारलं, "मामा, माझं चुकलं का?"

"नाय ओ. तुमी बोल्लात म्हणून तर हितं बसलोय धडधाकट." त्यांनी हाताकडे बघितलं. "पण पावणं, सकाळ लई मोठी झालीय."

शाळेला उशीर होत होता. मी त्यांच्याजवळ बसून राहिलो.