ताईसाठी अठरा किलो

बेकरीतल्या भट्टीवाल्याला डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "बहिणीला मूत्रपिंड द्यायचंय ना? मग आधी अठरा किलो उतरवा."

तेव्हापासून गरम पावांच्या घमघमाटात उभं राहून तो काकडीवर भागवायचा. पोटात कावळे ओरडायला लागले की गटागटा पाणी प्यायचा. ताई हसायची, "अरे, माझ्याआधी तूच वाळून जाशील!"

सात महिन्यांनी वजन हवं तितकं उतरलं. ऑपरेशनची तारीखही ठरली. पण चार दिवस आधीच ताई गेली.

तिला निरोप देऊन सगळे घरी आले. भाऊजींनी त्याच्यापुढे ताट सरकवलं. "आता तरी पोटभर जेव रे."

भूक तर कडकडून लागली होती. त्या भुकेचीच त्याला इतकी लाज वाटली, की घास हातात धरून तो ढसाढसा रडला.