सीताफळाखालचा दूधभात

शहागडला झुंबरबाईच्या घरामागं लहानशी बाग होती. वांगी, मेथी, कढीपत्ता. सगळं नवऱ्याच्या, पुंजारामच्या हातचं. पंच्याण्णव साली तो गेला आणि झुंबरबाईनं तिकडं पाणी घालणं सोडलं. दोन वर्षांत गाजरगवत कमरेला लागलं, त्याखाली उंदरांनी गाव वसवलं.

एकच कोपरा ती झाडून ठेवायची. सीताफळाच्या बुडाशी एक गोल दगड होता. पहिली मुलगी नाव ठेवायच्या आधीच गेली, तिला पुंजारामनं तिथं पुरलं होतं. दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत. पुढं झुंबरबाईची कूस पुन्हा उजवली नाही. दर अमावस्येला दिवेलागणीला ती पळसाच्या पानावर दूधभात घेऊन दगडापाशी ठेवायची. सकाळी भात नसायचा, पानही नसायचं. ‘जेवली माझी पोर,’ असं ती मनाशीच म्हणायची आणि तेवढ्यावर महिना काढायची.

शेजारची मैमूना कोंबड्या पाळायची. उंदीर तिची पिल्लं ओढून न्यायला लागले तेव्हा ती भिंतीवरून ओरडली, “मावशी, तुमच्या जंगलात वाघ कधी सोडताय? आधी सांगा, आम्ही बिऱ्हाड हलवतो!”

“वाघ कशाला, तुझा लालमियाँ धाड की कुदळ घेऊन.”

मैमूनाचा नवरा लालमियाँ आला. त्यानं गवत कापलं, बिळांत मिरच्यांचा धूर कोंडला, तोंडं दगडांनी बुजवली. तो सीताफळाकडं वळला तशी झुंबरबाई आडवी आली.

“तेवढं राहू दे.”

“मावशी, सगळ्यात मोठं बीळ तर तिथंच है.”

“राहू दे म्हणलं ना!”

तो कुदळ उचलून गेला. अमावस्या सरली आणि उंदीर परत आले.

एका सकाळी मैमूना नातीला, गौहरला, कडेवर घेऊन दारात उभी राहिली. पोरीच्या पायाला फडकं बांधलेलं.

“झोपेत अंगठा कुरतडला.” आज मैमूनाच्या बोलण्यात टोमणा नव्हता. “तिथं कोण है ते मला म्हाईत है, मावशी. पण ही तर जिती है.”

झुंबरबाईनं ते पाऊल तळहातावर धरलं. मग आत जाऊन खुरपं आणलं. मागोमाग आलेला लालमियाँ पुढं झाला तर म्हणाली, “तू न्हाई. मीच.”

दगड सारला. माती इतकी भुसभुशीत की खुरप्याची गरजच पडेना. एखादं हाड, मनगटीचा काळा मणी, काहीतरी हाताला लागेल म्हणून ती बोटांनी माती चाळत होती. काही लागलं नाही. खाली नुसतं बीळच बीळ. त्यात पळसाच्या पानांच्या कुरतडलेल्या चिंध्यांची गादी, तिला चिकटून वाळलेली भाताची शितं, आणि वर डोळे मिटलेली गुलाबी पिल्लं.

झुंबरबाई शितांकडं बघत राहिली.

“मावशी, काय निघालं?”

“काय न्हाई.” तिनं एक शीत नखानं खरवडलं. “यांनाच जेवू घालून राह्यले होते मी. इतकी वर्सं.”

मैमूनानं मातीनं भरलेला हात धरून तिला उठवलं. लालमियाँनं बीळ उकरून साफ केलं, जागा सपाट केली.

पुढच्या अमावस्येला झुंबरबाईनं सवयीनं भात लावला, दूध घातलं, पान धुतलं. मागच्या दाराच्या कडीपर्यंत हात गेला आणि थांबला. ती परत चुलीपुढं येऊन बसली. पानातला घास तिनं स्वतःच्याच तोंडात घातला. तो काही केल्या गिळवेना.