काकण आणि करवत

माझं लग्न अगदी यथासांग पार पडलं. भांडण झालं ते पाचव्या दिवशी, आणि तेही बायकोशी नाही, चिंचवडच्या वखारीतल्या मिस्त्रींशी. कारण काय, तर माझ्या उजव्या मनगटावर बांधलेलं हळकुंडाचं काकण.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. पिंपरीकडं नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांचा माल भरायला लाकडी खोकी लागायची. ती आमच्या वखारीत बनत. आम्ही ताथवड्याचे सुतार. घरात दोन हातांची करवत ओढून ओढून खांदे उतरलेले, आणि इथं वखारीत विजेवर फिरणारी गोल करवत आली होती. लोखंडी टेबल, त्याच्या फटीतून वर डोकावणारं दातेरी चाक, खाली मोटर आणि पट्टा. आम्ही दुपारपर्यंत घाम गाळून जेवढं कापायचो, तेवढं ती चहा थंड व्हायच्या आत कापायची. वर्षभर ओंडके वाहून घेतल्यावर मिस्त्रींनी मला तिच्यावर उभं केलं. मग काय विचारता! गावात मी असा मिरवायचो, की आगगाडीच चालवतोय.

मिस्त्री मुसलमान होते, पन्नाशीचे, काटकुळे. उभी हयात मुंबईच्या वखारींत काढून दहाची दहा बोटं शाबूत घेऊन आले होते, आणि याचा त्यांना भारी अभिमान. करवतीच्या थेट मागं उभं राहायचं नाही, जरा बाजूला राहायचं, कारण फळी अडकली की ती उलटी अंगावर येते. चाक फळीच्या वर बोटभरच दिसलं पाहिजे. शेवटची वीतभर फळी हातानं नाही, काठीनं ढकलायची. तुकडा अडकला तर आधी मोटर बंद, आणि चाक पुरतं थांबेपर्यंत हात पाठीमागं. आणि अंगावर लोंबतं काही म्हणजे काही नको. धोतराचा सोगा नको, उपरणं नको, ताईत नको, अंगठी नको. आम्ही सगळे अर्ध्या चड्डीत आणि बंडीत काम करायचो.

आता आमच्या घरची तऱ्हा ऐका. नवरा-नवरीची काकणं जेजुरीला देवाच्या पाया पडून आल्याशिवाय सुटत नाहीत. आणि जेजुरीला जायचं तर मामा पाहिजे. मामाची पेरणीआधीची नांगरट चाललेली, तो पुढच्या ऐतवारी येणार. माझी रजा मात्र संपली होती. मी नाही गेलो तर करवत दुसऱ्याच्या हातात जाणार हे उघड होतं, कारण वखारीतला एक गडी कधीपासून तिच्यावर डोळा ठेवून होता.

मग मी डोकं चालवलं. लग्नातला नवा सदरा चढवला, लांब बाह्यांचा, आणि मनगटावर काकण झाकून गच्च बटण लावलं. वैशाखाचं ऊन, सगळे बंडीत, आणि मी आपला मामलेदार कचेरीला निघाल्यासारखा. स्वतःच्या अकलेवर मी इतका खूश होतो की विचारायची सोय नाही.

तीन फळ्या झाल्या. चौथी सारताना मोटरचा आवाज एकदम उतरला. मिस्त्रींनी बटण बंद केलं होतं. चाक पुरतं थांबू दिलं, मग माझं मनगट धरून बाहीचं बटण सोडलं. पिवळंधमक काकण बाहेर आलं. बाही तर बाही, आत दोराही, म्हणजे एकाच्या जागी दोन फास! त्यांनी लांब बांबूच्या टोकाला एक चिंधी बांधली, सगळ्यांना मागं हटवलं, मोटर चालू केली आणि दूर बाजूला उभं राहून ती चिंधी चाकाला लावली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बांबू त्यांच्या हातातून ओढला गेला. टोकाच्या चिरफाळ्या होऊन भिंतीवर आदळल्या. मी घाबरलो, हे आज कबूल करतो. त्या दिवशी मात्र मी उलट तडकलो. म्हणालो, आमच्यातल्या रीती तुम्हाला काय ठाऊक. ते शांतपणे म्हणाले की त्यांच्या लग्नातही त्यांच्या हाताला असंच बांधलं होतं. मग बजावलं, काकण सोडून ये नाहीतर येऊ नकोस, गुरुवारपर्यंत वाट बघतो, मग दुसरा गडी उभा करतो.

घरी आलो तर आईनं कपाळाला हात लावला. जेजुरीच्या आधी काकण सोडायचं म्हणजे संसाराला सुरुवातीलाच गालबोट. ती एकच धरून बसली, आणि माझा तोल गेला. मी दोघांवरही चिडलो होतो, आईवर आणि मिस्त्रींवर, आणि मधल्या मध्ये ओसरीवरचं तांब्याभांडं लाथाडलं. बायको वाकड गावची. चार दिवसांत तिच्या तोंडून मी दहा शब्द ऐकले नव्हते. ती भांडं उचलायला आली आणि खालच्या आवाजात बांबूचं काय झालं ते विचारून गेली. मी रागातच सगळं सांगितलं. तिनं ते आईला कसं सांगितलं देव जाणे.

बुधवारी सकाळी आईनं बैलगाडी जुंपायला लावली. गाडीत हळद, नारळ, सूनबाई आणि मी. मला बघायचंय, म्हणाली, असलं कसलं मशीन हाय ते. वखारीत शिरली ती थेट मिस्त्रींसमोर जाऊन उभी राहिली आणि त्यांना तो खेळ पुन्हा करायला लावला. पुन्हा बांबू, पुन्हा चिंधी, पुन्हा तो आवाज. आईनं ते फुटकं टोक उचलून बोटांनी चाचपलं. मग पदर खोचून म्हणाली, "देवाला माज्या पोराचा हात नकोय. काकणं हितंच सुटतील. ऐतवारी पुडीत बांधून जेजुरीला नेऊ."

मिस्त्रींनी अर्धा तास मोटर बंद ठेवली. भुश्शाचे ढीग बाजूला सारून फळ्यांच्या थप्पीवर आम्हाला बसवलं. सगळे गडी गोळा झाले, करवतीवर डोळा ठेवणारा तो गडीसुद्धा. रीत अशी की नवरीनं नवऱ्याचं काकण दोन्ही हातांनी सोडायचं, आणि नवऱ्यानं नवरीचं एकाच हातानं. नवऱ्याची फजिती व्हावी म्हणून तिच्या मावशीनं गाठी अशा मारलेल्या, की बैलाचं दावं परवडलं. तिनं माझं काकण बघता बघता सोडलं. गडी ओरडले, आता दाखवा राव सुताराची करामत. मी ऐटीत उजवा हात पुढं केला.

"त्यो न्हाई," ती म्हणाली. एवढ्या माणसांत ती पहिल्यांदाच बोलत होती. "उजवा मागं धरा. त्यो गेला असता तर कसं सोडलं असतं, ते बगू."

सगळे हसले. मीही हसलो आणि उजवा हात पाठीमागं धरून डाव्यानं गाठीला भिडलो. हळदीच्या पाण्यानं दोरा फुगून आवळला होता. नख लावलं, निसटलं. अंगठा घातला, शिरेना. कोणी म्हणालं दातानं सोड, आईनं त्याला गप्प केलं. घामानं बोटं निसरडी झाली. लाकडाची कसलीही गाठ फोडणारा मी, आणि दोन पदरी सुतापुढं हात टेकले. मागचा हात सारखा पुढं यायला बघत होता आणि मी त्याला आवरत होतो. हसणं केव्हा थांबलं कळलंच नाही. मिस्त्री खाली मान घालून उभे होते. गुरुवार, वखार, ती करवत, सगळं बाजूला राहिलं, आणि मला नुसती धडकी भरली. डोळ्यांत पाणी आलं ते लपवायलाही हात मोकळा नव्हता.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या पाठीमागं हात घालून तिनं माझा उजवा हात स्वतःच धरला, पुढं ओढला आणि गाठीवर ठेवला.

दोन्ही हातांनी गाठ लगेच सुटली.