एका परीक्षणाची दुरुस्ती

आमच्या मंडळीच्या मासिकात मी सिनेमा आणि गाण्यांवर लिहितो. मासिक सोळा पानांचं. उमरगा, तुळजापूर, भूम आणि कर्नाटकाच्या हद्दीवरच्या काही गावांतली ख्रिस्ती घरं ते घेतात. पेशानं मी उमरग्यातल्या एका शाळेत मराठीचा शिक्षक. सिनेमा कसा पाहायचा हे मला कुणी शिकवलं नाही. घरी तर तो पाहायचाच नाही असं शिकवलं होतं. वडील उपदेशक होते, सायकलवरून खेडोपाडी जायचे. सिनेमाच्या पोस्टरसमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायची, ही त्यांची शिस्त. घरात रेडिओ होता, पण बातम्यांपुरता. बातम्या संपून गाणं लागलं की ते उठून बटण फिरवायचे. कधी कधी मात्र त्यांचा हात बटणावर जरा जास्त वेळ थांबायचा. ध्रुवपद संपलं की मगच रेडिओ बंद व्हायचा. आम्ही भावंडं त्याबद्दल कधी बोललो नाही.

लिहायला लावलं ते आमच्या पाळकसाहेबांनी. मासिकाचे संपादकही तेच. एका रविवारी उपासना आटोपल्यावर म्हणाले, "सर, माझा उपदेश चालू असताना पोरं मांडीवर फोन ठेवून ट्रेलर बघतात. बघू नका म्हटल्यानं कुणी थांबत नाही. बघायचं कसं, ते तरी कुणीतरी सांगायला हवं."

माझे पहिले दोन-तीन लेख म्हणजे निव्वळ तक्रार होती. सिनेमात शिव्या किती, दारू किती, उघडं अंग किती. पाळकसाहेबांनी एक लेख परत दिला. "हा पंचनामा झाला. त्या सिनेमातली माणसं काय करत होती, ते कुठं आहे?" त्यानंतर मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. पडलेल्या माणसाला ही गोष्ट उठू देते का, दुबळ्याकडे कॅमेरा कसा बघतो, स्तुतीच्या गाण्यात देव जास्त आहे की गाणाऱ्याचा गळा, असे प्रश्न मी विचारू लागलो. लोक वाचू लागले. फोन येऊ लागले. सोलापूरच्या एका सभेत माझी ओळख "आपले समीक्षक" अशी करून दिली गेली, आणि मला ते आवडलं. भूमच्या काही तरुणांनी घरच्या घरी एक ख्रिस्ती गीत रेकॉर्ड करून टाकलं होतं. मी त्यावर असं लिहिलं की त्यांनी पुढचं गीत काढलंच नाही. तेव्हा त्याचंही मला फारसं काही वाटलं नाही.

मग तो सिनेमा आला. फोनवरच पाहायला मिळणारा, मराठी. एका विधवेचा एकुलता मुलगा गाडीखाली सापडून मरतो. खटला चालतो. शेवटी भर कोर्टात ती आई पिंजऱ्यापाशी जाते, आरोपीच्या डोक्यावर हात ठेवते आणि म्हणते, जा, मी तुला माफ केलं. व्हायोलिनं वर चढत जातात, न्यायाधीश चष्मा पुसतो. मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा रडलो. परीक्षण एका बैठकीत लिहून काढलं. ख्रिस्ताची क्षमा पडद्यावर इतकी उघड क्वचितच दिसते, असं लिहिलं. त्या संगीतावरच एक परिच्छेद खर्च केला. आणि शेवटी, लेखणीला धार आली होती म्हणून, हे वाक्य: "ज्याला अशी क्षमा करता येत नाही, त्यानं प्रभूच्या मेजाजवळ जाण्याआधी दहा वेळा विचार करावा."

त्या वाक्यावर मी खूश होतो. बायकोला ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं. ती म्हणाली, "जरा जड होतंय." मी म्हटलं, "सत्य जडच असतं."

प्रभूचं मेज म्हणजे प्रभुभोजन. आमच्याकडे ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. मी मंडळीचा पंच, त्यामुळे भाकरीची ताटली आणि द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे रांगेरांगेतून फिरवण्याचं काम माझ्याकडे. बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत एक ताई बसतात. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. त्यांचा मुलगा सहा-सात वर्षांपूर्वी हायवेवर गेला. मोटारसायकलवर होता, मागून पिकअप आली. चालवणारा आमच्याच तालुक्यातला. पाचेक वर्षं खटला चालला, दीड वर्षाची शिक्षा झाली. हे सगळं मला माहीत होतं. मातीला मीच पुढं होतो, दफनाच्या वेळी प्रार्थनाही केली होती. आणि तरी ते वाक्य लिहिताना ताई माझ्या मनात एकदाही आल्या नाहीत. हे आज लिहितानाही मला खाली बघावंसं वाटतं.

लेख छापून आला, त्याच्या पुढच्या पहिल्या रविवारी मी ट्रे पुढं केला आणि ताईंनी मान हलवली. तब्येत बरी नसेल, असं मी समजलो. दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्या महिन्यात मेजावरचं पांढरं कापड काढायच्या आधीच त्या उठल्या आणि चप्पल घालून बाहेर गेल्या. उपासना संपल्यावर पाहिलं, तर त्या लिंबाखाली रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या.

"सलाम ताई. काय झालंय? भोजन घेत नाही तुम्ही."

त्यांनी पिशवीतून गीतांचं पुस्तक काढलं. त्यात मासिकाचं पान घडी करून ठेवलं होतं. माझं पान. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

"सर, तुमीच तर लिवलंय."

मी म्हटलं, "ताई, मी सिनेमाबद्दल लिहिलं होतं."

"आन सिनेमा कुणाबद्दल हाय मग?" आवाज अजिबात चढला नव्हता. "मला न्हाय जमलं तसं. डोक्यावर हात ठेवायचं. म्या विचार केला. धा येळा न्हाय, लई येळा केला. मग म्हनलं, सर शिकलेलं मानूस हाय, बरुबरच लिवलं आसंल."

रिक्षा आली आणि त्या गेल्या.

तो आठवडा मी शाळेत काय शिकवलं, मला आठवत नाही. माफी मागायला जायचं होतं, पण रोज काहीतरी निमित्त निघायचं. शेवटी बायकोनंच सांगितलं, "शनिवारी दुपारी आपण दोघं जाऊ. मी त्यांना फोन केलाय."

ताईंचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं. भिंतीवर मुलाचा फोटो आणि शेजारी नुसता लाकडी क्रूस. त्यांनी मुरमुऱ्यांची सुशीला करून ठेवली होती, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. मी बशी हातात धरूनच म्हणालो, "ताई, माझं चुकलं. ते वाक्य मी लिहायला नको होतं. पुढच्या अंकात तसं छापतो."

"छापा की. पर आदी मला त्यो सिनेमा दावा. म्या बघितलाच न्हाय. नुसतं तुमचंच वाचलंय."

मी नको म्हणत होतो. त्या ऐकेनात. तेव्हा बॅगेतला लॅपटॉप काढून स्टुलावर ठेवला आणि आम्ही तिघं सतरंजीवर बसून तो सिनेमा पाहिला. अपघात आला तेव्हा बायकोनं त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, पण नजर पडद्यावरच. कोर्टाचा प्रसंग सुरू झाला, व्हायोलिनं वर चढू लागली, आणि त्या म्हणाल्या, "थांबवा जरा. माघं घ्या."

मी मागं घेतलं.

"ती माघं निळ्या पदराची बाई कोन हाय?"

मी पुढं वाकून पाहिलं. गर्दीत, खांबाला टेकून एक बाई उभी होती. तीन-चार सेकंद दिसते, मग कॅमेरा सरकतो. दोन वेळा सिनेमा पाहून मला ती दिसली नव्हती.

"असेल गर्दीतली कुणीतरी," मी म्हटलं.

"त्येची आई आसंल."

"कशावरून?"

"सगळी त्या रडनाऱ्या बाईकडं बघाल्यात. ही एकलीच पिंजऱ्याकडं बघालीय."

मी पुन्हा पाहिलं. खरंच होतं. आता तर मला दुसरं काही दिसेना.

लॅपटॉप तसाच थांबलेला असताना ताई बोलू लागल्या. त्यांचं कोर्ट असं नव्हतं म्हणाल्या. कुणी त्यांना विचारलं नाही की माफ करता का म्हणून. बाहेर बाकावर सकाळपासून बसायचं, शिपायानं पुकारा केला की आत जायचं, पुढची तारीख घेऊन परत यायचं. वर पंख्याची घरघर, बाहेर टायपिंगवाल्यांचा आवाज. त्याच बाकावर आरोपीची आईही बसायची. शेतकरी घरची बाई, ह्यांच्याच वयाची. पाचेक वर्षं दोघी एका बाकावर बसल्या आणि बोलल्या नाहीत.

"निकालाच्या दिवशी ऊन लई व्हतं. माझ्या घशाला कोरड पडली. त्या बाईनं न बोलता बाटली फुडं केली. म्या प्याले. माझ्या लेकाला मारनाऱ्याच्या आईचं पानी. तवा मला वाटलं, आता झालं, देवानं माझं मन मऊ केलं."

बाहेर कुणीतरी हातपंप चालवत होतं.

"मग शिक्षा सांगितली. ती बाई बाकावरनं खाली बसली, अशी मटकन. पदर कुटं, चप्पल कुटं. माझ्यापासनं एका हातावर व्हती, सर. वाकायचं आन उचलायचं, येवढंच काम. म्या न्हाय उचललं. हुबी ऱ्हायले आन बघत ऱ्हायले. मनात म्हनलं, आता कळू दे हिला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "लेकाला मारलं त्येच्यावर माझा राग हायेच. त्ये देवाला ठावं हाय. पर त्या बाईला उचललं न्हाय, त्ये कुनालाच सांगितलं न्हवतं. प्रभूच्या प्रार्थनेत माफीची ओळ आली की माझं तोंडच मिटतं."

बायको म्हणाली, "ताई, पाणी तर प्यालात ना तुम्ही." ताईंनी बशा गोळा करून आत नेल्या.

निघताना मी विचारलं, "दुरुस्ती लिहितो आहे. तुमच्याबद्दल किती लिहू?"

"माझं कायबी नगं. त्या निळ्या पदराच्या बाईबद्दल लिवा."

पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं. लेख त्यांनी दोनदा वाचला. त्यात मी मान्य केलं होतं की प्रभूचं मेज राखायचा अधिकार मला कुणी दिलेला नव्हता. आणि सिनेमाबद्दल लिहिलं होतं की त्याची क्षमा स्वस्त आहे, कारण ती एकाच माणसाकडे बघते. त्यातलं संगीत आपल्याला रडवतं खरं, पण खांबाला टेकलेल्या त्या बाईचा श्वास ऐकू येईल एवढीही शांतता ते ठेवत नाही. पाळकसाहेब म्हणाले, "लोक म्हणतील, सर महिन्या-महिन्याला मत बदलतात."

"म्हणू देत."

"आणि काही जण म्हणतील, तुम्ही क्षमेची आज्ञाच ढिली केली."

तसं झालंही. तुळजापूरच्या एका वाचकानं खरमरीत पत्र पाठवलं, ते आम्ही छापलं. भूमच्या त्या तरुणांना मात्र मी स्वतः फोन केला. त्यांच्यातल्या एकानं ऐकून घेतलं आणि सांगितलं की पेटी त्यांनी विकून टाकली.

माझ्या लेखामुळे ताई मेजाकडे परतल्या, असं म्हणणं खोटं ठरेल. लेख वाचून त्या एवढंच म्हणाल्या, "बरं केलं." पाळकसाहेब त्यांच्या घरी चार-पाच वेळा गेले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. एकदा आपणहून म्हणाले, "मी त्यांना सांगितलं, ज्याचं मन अजून तयार नाही त्यानंच तर जेवायला यायचं. पोट भरलेल्यानं कशाला यायचं?" उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी मी तिसऱ्या रांगेपाशी ट्रे धरला आणि ताईंनी पेला उचलला. मी पुढच्या रांगेकडे गेलो.

तो पिकअपवाला सुटून आला आहे. त्याच्या गावाची बस उमरग्याच्या स्टँडवरूनच सुटते, म्हणून ताई तिथून जायचं टाळतात. त्याची आई त्यांना पुन्हा भेटलेली नाही. तिच्या गावाला जावं का, असं त्यांनी माझ्या बायकोला दोनदा विचारलं आहे. गेल्या मात्र नाहीत.

ही आठवण मी त्यांना विचारूनच लिहिली आणि परवा वाचून दाखवली. पेला घेताना त्यांच्या चेहऱ्यावर शांती पसरली, असं मी लिहिलं होतं. त्यांनी मला तिथंच थांबवलं.

"ते खोडा सर. तुमी माझ्या तोंडाकडं बघितलंच न्हाय. तुमी तर ट्रे सांभाळाले व्हते."

मी खोडलं.