सुटलेला शब्द

रत्नागिरीतल्या नोकरीची वर्षं आता धूसर झाली आहेत, पण एक प्रकरण मनातून गेलं नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी तिथे फौजदार होतो. घरची मंडळी साताऱ्याला आणि मी पोलीस लाइनीतल्या एका खोलीत. संध्याकाळी ड्युटी संपली तरी मी ठाण्यातच रेंगाळायचो. खोलीवर जाऊन बोलणार कुणाशी?

एका सकाळी खाडीकाठच्या गावातून मुतवल्ली, म्हणजे मशिदीचा कारभार पाहणारे गृहस्थ, फिर्याद द्यायला आले. मशिदीतली कुराणशरीफची हस्तलिखित प्रत नाहीशी झाली होती. गावातल्याच एका कातिबाने, म्हणजे सुंदर हस्ताक्षरात ग्रंथ लिहिणाऱ्याने, तरुणपणी ती लिहून मशिदीला दिली होती. मुंबईच्या छापील प्रती आल्या तरी गावाचा जीव त्या प्रतीवरच होता.

गुन्हा नोंदवून मी जागेवर गेलो. बूट बाहेर काढून पंचनामा केला. कपाटाला कुलूप कधी नव्हतंच. दानपेटीला कुणी हात लावला नव्हता. चोर पैशांसाठी आलेला नाही, एवढं तिथेच कळलं. पण दुपारपर्यंत बाजारात कुजबुज सुरू झाली की हे दुसऱ्या आळीतल्या लोकांचं काम आहे. पोलीस चोरीपेक्षा अशा कुजबुजीला जास्त भितो. वरिष्ठांनी रोजचा अहवाल मागितला.

एसटी स्टँडवरच्या आमच्या खबऱ्याने बातमी दिली. मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी लॉजवर उतरला होता आणि त्या गावात जाऊन आला होता. आम्ही त्याला ठाण्यात आणलं. बॅगेत पितळी समया आणि अडकित्ते निघाले, ग्रंथ नाही. मी त्याला बराच वेळ बोलू दिलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्ट जरा सुधारून सांगतो. हा तेच तेच सांगत होता.

"साहेब, मी प्रत बघितली, विकत मागितली. मुतवल्ली नाही म्हणाले, मी परत फिरलो."

"वाटेत कोण भेटलं?"

"एक म्हातारे मागून आले. विचारलं, ही प्रत मुंबईला गेली तर लोक वाचतील की नुसती ठेवतील? मी म्हटलं, घेणारा जाणकार अक्षर न् अक्षर तपासून घेईल. ते तसेच गावाकडे वळले."

हे म्हातारे म्हणजे तेच कातिब, हे मुतवल्लींकडून कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच त्यांच्या घरी गेलो. बायको वारलेली, मुलं आखातात. मोठं घर, पण बहुतेक खोल्यांना कड्या. दार त्यांनीच उघडलं. आत खिडकीपाशी ग्रंथ ठेवून वाचायच्या लाकडी रेहलीवर प्रत उघडी होती. शेजारी बोरूची लेखणी, शाई आणि भिंग. त्यांनी काही लपवलं नाही.

"मीच आणली, साहेब. एक शब्द सुटलाय माझ्याकडून. प्रत विकली गेली तर जाणकाराला दिसेल, म्हणून आधी तो घालायचा होता. पण हाताला पूर्वीचं वळण राहिलं नाय. पानाला लेखणी लावायचा धीर होत नाय."

मी बसलो. ते बोलत राहिले. उमेदीत ते मुंबईच्या शिळाछाप छापखान्यात होते. कातिबाने खास कागदावर लिहायचं, ते अक्षर दगडावर उतरवायचं आणि त्यावरून छापायचं. खिळे जुळवून छापलेली अक्षरं लोकांच्या डोळ्यांना रुचत नसत, वाचणाऱ्याला हाताचं वळण लागे. पुढे नवी यंत्रं आली. एका चांगल्या प्रतीचा फोटो घेतला की हव्या तेवढ्या प्रती निघू लागल्या. कातिबाचं काम संपलं आणि हे गावी परतले.

"छापखान्यात तपासायला कुराण तोंडपाठ असलेले हाफिज असायचे. चूक निघाली तर दगडावरच दुरुस्त व्हायची. ही मात्र मी एकट्याने लिहिली. गावी आल्यावर उघडली, तेव्हा दिसलं. कुणाला सांगू? त्या दिवसापासून मी मागच्या रांगेत उभा राहतो आणि नमाज झाली की कुणाशी न बोलता निघतो."

त्यांना ठाण्यात नेणं माझ्या जिवावर आलं. मुतवल्ली, इमाम आणि दोन पंचांना मी तिथेच बोलावलं. सगळं ऐकल्यावर इमामांनी पानं उलटली आणि एका ओळीवर थांबले. जागा त्यांना कुणी दाखवली नव्हती.

"हाच ना, चाचा?"

म्हाताऱ्यांनी मान हलवली. "तुला कसं ठाऊक?"

"माझ्या बापाने मला याच प्रतीवर शिकवलं. म्हणाला, इथे शब्द आपल्या तोंडाने घालायचा आणि चाचांपुढे बोलायचं नाय. गावात वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाय."

म्हाताऱ्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी तर लाजेने तुम्हाला तोंड दाखवत नव्हतो."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माणसं नकोशी झाली," मुतवल्ली म्हणाले.

इमामांनी बोरू घेतला आणि सुटलेला शब्द समासात लिहिला. मी पंचनाम्याचे कागद आवरले. चोरीचा हेतू नव्हता, गैरसमजातून गुन्हा दाखल झाला, असा अहवाल कोर्टात पाठवून मी 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याची परवानगी, मागितली. ती मंजूर झाली. व्यापाऱ्याला तर त्याच दिवशी सोडलं होतं आणि बाजारातली कुजबुजही थांबली.

बदलीचा हुकूम आल्यावर मी निरोप घ्यायला गेलो. ओटीवर म्हातारे एकटेच होते. लोक येतात का, असं विचारलं.

"येतात हो. रोज कुणीतरी येतं. पण इतकी वर्षं बोललो नाय, आता काय बोलायचं तेच सुचत नाय. ते बसतात, मी बसतो."

आम्हीही तसेच बसलो. समोर खाडीला ओहोटी लागली होती. मी उठू लागलो तेव्हा ते म्हणाले, "अजून थोडं बसला असता तर चाललं असतं." मी पुन्हा बसलो.

गुन्हेगार गप्प राहून गुन्हा लपवतो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. चांगली माणसं एकमेकांना जपण्यासाठी गप्प बसतात आणि त्यात एखाद्याचं अर्धं आयुष्य एकटं निघून जातं, हे मला या प्रकरणाने शिकवलं. पुढे भावकीचे वाद आले, घर सोडून गेलेली मुलं आली, वर्षानुवर्षांचे अबोले आले. दर वेळी तक्रार ऐकून झाली की जबाब लिहून घेण्याआधी मी समोरच्याला विचारायचो, "हे तुम्ही त्याला कधी सांगितलंय का?"

पुष्कळदा उत्तर यायचं, "नाही."