आईंच्या बोलण्याचे दोन तुकडे

त्या उन्हाळ्यात आमच्या सिडकोतल्या कॉलनीत पाणी आठवड्यानं आलं तरी आम्ही नशीब समजायचो. कधी दहा दिवस जायचे, कधी त्याहून जास्त. लाइनमनला फोन केला की तो म्हणायचा, "उद्या नक्की," आणि दुसऱ्या दिवशीही तेच म्हणायचा. टँकरची वाट बघून बायका वैतागल्या आणि एका सकाळी हंडे घेऊन जलकुंभापाशी जाऊन बसायचं ठरलं. यात कुठल्या पक्षाचा हात नव्हता. मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, एवढंच. मी बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली. सासूबाई माझ्या आधीच तयार होऊन खाली फाटकाशी उभ्या होत्या.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्या देवगाव रंगारीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, तिघा भावंडांत थोरल्या. लग्न होऊन शहरात आल्या त्याला कितीतरी वर्षं झाली, पण बोलणं गावचंच राहिलं. आवाजही गावचाच, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचणारा. घरात आम्ही त्यांना "आई, हळू," म्हणून म्हणून दमलो होतो.

जलकुंभापाशी आम्ही चाळीसएक बायका असू. थोड्या वेळानं एक वार्ताहर मोटारसायकलवर आला. फुलंब्रीहून रोज शहरात ये-जा करणारा, तिशी-पस्तिशीचा माणूस. त्याच्या माइकला दोन वेगवेगळ्या चॅनेलांच्या पाट्या अडकवलेल्या होत्या. आमच्याकडं असे वार्ताहर बरेच आहेत. माणूस एक, कॅमेरा एक, बातमी दोन-तीन ठिकाणी जाते. त्यानं समोरच्या दोघीतिघींना विचारलं, पण कॅमेरा बघून त्या पदर सावरत मागं सरकल्या. आई मात्र पुढं झाल्या.

त्या जे बोलल्या ते मी शेजारीच उभी राहून ऐकलं. त्या म्हणाल्या, "आधीचे होते तव्हा बी आम्ही पाण्यासाठी असंच बोंबलत होतो. आता हे आले, तर यांनी बी नुसत्या तारखा देल्या. नवी पाइपलाइन येऊ राह्यली म्हणतात. येऊ राह्यली म्हंजे काय, पायी येऊ राह्यली का? आम्हाला कोणाशी घेणं नाय. आम्हाला पाणी पायजे."

सगळ्या बायका हसल्या, टाळ्या वाजल्या. दुपारी पाणीपुरवठ्याचा एक अधिकारी येऊन "दोन दिवसांत सोडतो" म्हणून गेला आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळी पहिला फोन थोरल्या मामांचा आला. हे आईंच्या पाठचे भाऊ, देवगावलाच राहतात, शेती करतात. सरकारवर त्यांचा राग आहे, आणि तो राग ज्या चॅनेलवर दिवसभर बोलला जातो तेच चॅनेल त्यांच्या घरात चालू असतं. आईंनी फोन नेहमीसारखा स्पीकरवर टाकला.

"आक्का, लई झोडपलंस! अख्खं गाव बघू राह्यलं तुला."

आम्ही टीव्ही लावला. पडद्यावर आई होत्या, पण त्यांचं बोलणं "आता हे आले" इथून सुरू होत होतं आणि "पायी येऊ राह्यली का" इथं संपत होतं. खाली पट्टी फिरत होती: सरकारविरोधात महिलांचा उद्रेक. चाळीसएक बायकांच्या शेकडो झाल्या होत्या.

आम्ही जेवायला बसतो न बसतो तोच धाकट्या मामांचा फोन. ते वैजापूरला असतात, मार्केट यार्डात त्यांची कांद्याची आडत आहे. त्यांचं मत थोरल्यांच्या बरोबर उलट आणि चॅनेलही उलट.

"आक्का, बरं झालं तू खरं बोललीस. लोक इसरले होते आधीच्यांनी काय करून ठेवलं ते."

त्यांच्या चॅनेलवर आईंचं फक्त पहिलं वाक्य होतं. बोलण्यातले "बी" आणि "असंच" तसे ऐकू येत होते, पण खाली मोठ्या अक्षरांत लिहिताना ते गाळले होते: "आधीचे होते तेव्हा आम्ही पाण्यासाठी बोंबलत होतो." लगेच नव्या पाइपलाइनच्या कामाची दृश्यं, आणि निवेदिका सांगत होती की आता शहराचा वनवास संपणार.

माझे पती हसत सुटले. "आई, तू एकाच दिवशी दोन्ही पक्षांत गेलीस." आई हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "माझं 'पाणी पायजे' कुठं गेलं?" ते कुठंच नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत आमचा मोर्चा एकात पहिल्या पानावर फोटोसकट होता, दुसऱ्यात आतल्या पानावर फ्लॅटच्या जाहिरातीखाली, "काही महिलांनी" असा. आई पेपर निविदा-सूचनांसकट वाचतात. दोन्ही पेपर त्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि घडी घालून ठेवून दिले.

मला वाटलं हे इथंच संपेल. पण घरच्यांचा एक ग्रुप आहे, त्यात दोन्ही मामा, त्यांची मुलं, आम्ही, सगळेच. थोरल्या मामांनी त्यांच्या चॅनेलचा तुकडा त्यात टाकला. धाकट्यांनी लगेच आपला टाकला. थोरल्यांनी लिहिलं, "हा एडिट केलेला आहे." धाकट्यांनी लिहिलं, "तुमचाच एडिट केलेला आहे." दोघंही खरंच बोलत होते. मग दोघांनी आईंना फोन करून सांगितलं की तू ग्रुपवर एकदा स्पष्ट कर, तुझं खरं बोलणं कोणतं.

आईंना टाइप करता येत नाही. त्यांनी आवाजाचा मेसेज पाठवला, "दोन्ही मीच बोलले."

दोघांनाही ते आवडलं नाही. धाकटे मामा म्हणाले की आक्काला कोणीतरी पढवून नेलं होतं. थोरले म्हणाले की आडतीवर बसणाऱ्याला उन्हाचं काय कळणार. मग आवाजाच्याच मेसेजांत एकमेकांच्या धंद्यावर आणि मुलांवर बोलणं गेलं. ते आईंनी ऐकू नये म्हणून मी त्यांचा फोन दिवसभर माझ्याजवळ ठेवला, पण त्यांनी रात्री मागून घेतला आणि सगळं ऐकलं. धाकटे मामा ग्रुपमधून बाहेर पडले. देवगावची जमीन दोघांची मिळून आहे. त्या वर्षी तिथं ठिबक बसवायचं चाललं होतं, ते काम थांबलं. ज्येष्ठात थोरल्या मामांच्या मुलीचा साखरपुडा झाला. धाकट्या मामांच्या घरून कोणीच आलं नाही. मुलगी दाराकडं बघत राहिली. मामी सगळ्यांना सांगत होत्या, "यार्डात गर्दी आहे म्हणे."

तिथून घरी आल्यावर आई मला म्हणाल्या, "तो मोटारसायकलवाला कुठं भेटंल?"

पती म्हणाले, "आई, सोड ना आता. त्याला भेटून काय होणार?"

"मला माझं बोलणं परत पायजे," आई म्हणाल्या.

वार्ताहर मंडळी कलेक्टर ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर बसतात, हे शोधायला फार वेळ लागला नाही. आम्ही गेलो तेव्हा तो मांडीवर लॅपटॉप घेऊन काहीतरी पाठवत होता. आईंना त्यानं लगेच ओळखलं, उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. त्याला वाटलं कौतुक करायला आलोय.

आई म्हणाल्या, "भाऊ, माझे दोन तुकडे काहून केले?"

तो गडबडला. "मावशी, मी नाही केले. मी पूर्ण पाठवलं होतं, दोघांनाही तेच. वर डेस्कला ज्याला जेवढं पाहिजे तेवढं त्यानं घेतलं."

"मंग तुम्ही त्यांना सांगितलं नाय, का बाई असं बोलली नाय म्हणून?"

"सांगून बघितलंय मागं एकदोनदा. मग पुढच्या बातम्या घेत नाहीत." त्यानं चहाचा घोट घेतला. "आणि खरं सांगू का? तुम्ही फक्त पाण्यावरच बोलला असता तर ती बातमी कोणीच दाखवली नसती. पाणी नाही ही इथं बातमीच नाही राहिली. कोणावर तरी बोललं तर चालते."

मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तो काही लपवत नव्हता. मी विचारलं, पूर्ण मिळेल का? त्यानं इकडंतिकडं बघितलं, म्हणाला, "माझं नाव नका सांगू," आणि तिथंच आईंच्या फोनवर पाठवून दिलं.

घरी जाताना रिक्षात आईंनी ते तीनदा लावून ऐकलं. मी म्हटलं, "ग्रुपवर टाकू?"

"नको. तिथं टाकलं का पुन्हा कापतील."

पुढचे काही महिने त्यांनी त्याचं नावही काढलं नाही. राखीला दोघंही आले नाहीत. दोघांनी वेगवेगळी कारणं सांगितली आणि आईंनी दोन्ही ऐकून घेतली. दिवाळीच्या आधी मात्र त्यांनी दोघांना एकेक फोन केला. दोघांना एकच वाक्य: "भाऊबीजेला आला नाहीस, तर मला माहेरच नाय असं मी समजंन." दुसरा येणार आहे हे दोघांनाही सांगितलं नाही.

भाऊबीजेला थोरले मामा आधी आले. चहा घेत होते तेवढ्यात धाकटे मामा दारात. चपला काढता काढता त्यांना आत भाऊ दिसला आणि ते तसेच थांबले. माझ्या पतींनी हाताला धरून आत घेतलं. मी दोन पाट शेजारी मांडले, भोवती रांगोळी काढली होतीच. दोघं बसले, एकमेकांकडं न बघता. ताटात निरांजन, सुपारी, सगळं तयार होतं. आईंनी ताट हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"आधी हे ऐका. मंग ओवाळते."

फोन त्यांनी पाटांसमोर जमिनीवर ठेवला आणि पूर्ण व्हिडिओ लावला. त्यांचाच तो मोठा आवाज सगळ्या खोलीत घुमला. आधीचे, आताचे, तारखा, पायी येणारी पाइपलाइन, आणि शेवटी "आम्हाला पाणी पायजे". बायकांच्या टाळ्या. संपलं.

थोरले मामा म्हणाले, "आक्का, हे आधीच नाय का सांगायचं?"

"तुम्ही इचारलं कव्हा?" आई म्हणाल्या. "मी काय बोलले ते तुम्हीच मला सांगत होते. दोघं बी. मी जिती हाये, फोन उचलते, आन माझं बोलणं तुम्ही टीव्हीला इचारलं."

हे बोलताना त्यांचा आवाज अजिबात मोठा नव्हता. मी त्यांना इतक्या हळू बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

थोरल्या मामांचे डोळे भरले. त्यांनी धाकट्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. धाकट्या मामांनी तो बाजूला केला नाही, पण ते म्हणाले, "तरी पण आक्का, आधीच्यांचं नाव तू आधी घेतलंस. म्हणजे रोख तर तिकडंच होता." माझ्या पतींना हसू आवरेना. आईंनी एक सुस्कारा टाकला, ताट उचललं आणि दोघांना ओवाळलं.

जेवताना बोलणं पोरीच्या लग्नावर आलं. तारीख निघाली होती. धाकटे मामा म्हणाले, "आचारी मी बघतो. वैजापूरचा चांगला आहे." थोरले म्हणाले, "बघ." एवढंच, पण लग्नात धाकटे मामा सहकुटुंब दोन दिवस आधी येऊन राहिले आणि मांडवात सगळ्यांत जास्त धावपळ त्यांचीच होती. ठिबकचं काम पुढच्या हंगामात झालं. ग्रुपमध्ये मात्र ते परत आले नाहीत. त्यांचं चॅनेल तेच आहे, आणि थोरल्यांचंही तेच आहे. भेटले की पिकाचं, पोरांचं बोलतात. बोलणं राजकारणाकडं वळायला लागलं की दोघांपैकी एक जण उठून पाणी प्यायला जातो.

आमच्या कॉलनीत त्या उन्हाळ्यानंतर पाणी थोडं बरं झालं, मग पुन्हा पहिल्यासारखं झालं. बायका पुन्हा एकदा जलकुंभावर गेल्या होत्या. त्या वेळी कॅमेरा घेऊन कोणीच आलं नाही.

मागच्या वर्षी एका दुपारी मी आणि आई शहागंजच्या बाजारात भाजी घेत होतो. थोरल्या मामांचा फोन आला. आईंनी तो तिथंच स्पीकरवर टाकला.

"आक्का, टीव्हीवर शहर लई पेटलं म्हणून दाखवू राह्यले. तिथं खरं काय हाये?"

आईंनी आजूबाजूला बघितलं. पलीकडं एका दुकानात चादरीच्या किमतीवरून घासाघीस चालली होती, आणि समोरचा भाजीवाला, "अम्मा, जल्दी बोलो, कित्ता तोलूं?" म्हणून तराजू धरून उभा होता.

"काल तिकडच्या चौकात दगडं फेकली काही पोरांनी," आई म्हणाल्या. "ते खरंय. पोलीस हायेत तिथं. इथं काय नाय. मी गवार घेऊ राह्यले."

"बरं," मामा म्हणाले. "मंग मी इथं लोकांना तसं सांगतो."

आईंनी फोन ठेवला आणि अर्धा किलो गवार निवडून घेतली. संध्याकाळी धाकट्या मामांचाही फोन आला. दोन दिवस बाहेर पडू नका, शहराची परिस्थिती फार वाईट आहे, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. आई सगळं ऐकत गवारीच्या शिरा काढत बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "व्हय. तू जेवलास का?"